बेसला सोबत लागते

वेंगुर्ले,
आषाढ

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

रोज तासभर बोटांचे व्यायाम करतेस, एक-दोन-तीन-चार चढत आणि चार-तीन-दोन-एक उतरत, आणि आता बेस गिटार हातात घ्यायचं म्हटलं की जिवावर येतं, असं तू लिहिलंस. पत्राच्या शेवटी माझ्याकडे वेळापत्रक मागितलंस. ते मी देणार नाही. इतके दिवस असले कोरडे व्यायाम नेटाने करणाऱ्या मुलीला शिस्त शिकवायची गरज नाही. तुला सोबत हवी आहे.

बेस गिटार जन्मली तीच साथीसाठी. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी खर्जाचं काम उभ्या डबल बेसकडे असायचं. माणसाहून उंच ते वाद्य गाडीत घालून नेणं कठीण, आणि ड्रम आणि विजेवरच्या गिटारी एकत्र वाजू लागल्या की त्याचा आवाज बुडून जायचा. फेंडरनी ते आडवं केलं, विजेवर घेतलं, दांड्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवले. बोट अंमळ मागे पडलं तरी सूर नेमका लागतो, म्हणून नावात प्रिसिजन. हे सगळं घडलं ते चार जणांत बसून ऐकू यावं एवढ्यासाठी. असं वाद्य तू बंद खोलीत एकटीने, कुठल्याही गाण्याशिवाय वाजवतेस. कंटाळा येणारच.

म्हणून माझं सांगणं एकच: प्रत्येक बैठकीत निम्मा वेळ तरी कुणाबरोबर वाजव. माणूस मिळाला तर उत्तम, नाहीतर गाणं लाव, तेही नसेल तर फोनवर तानपुरा लाव. आणि हे आजपासून कर. ‘आधी नीट शिकते, मग इतरांबरोबर वाजवते’ असं म्हणणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं ते ‘मग’ फारसं येत नाही.

तुझ्या वाडीत भजनी मंडळ आहे. आठवड्याला मंदिरात बसतात, गणपतीत घरोघर फिरतात. तुला याहून चांगली शाळा कोकणात मिळायची नाही. बुवांका विचारून बस. पहिल्या दिवशी अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, नेऊ नकोस, नुसती ऐक. पखवाजवाल्याच्या शेजारी जागा धर आणि त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष दे. डाव्या तोंडाला कणीक लावून तो जो घुमारा काढतो, तोच तुझा सख्खा भाऊ. परदेशी बँडमध्ये बेसवाला ड्रमच्या पायातल्या ठोक्याशी जमवून घेतो, इथे तू त्या डाव्या हाताशी जमवून घे. दोघांचा आवाज एका क्षणी पडला की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं वेगळी कळत नाहीत, फक्त गाणं एकदम भरल्यासारखं वाटतं. ते एकदा अंगाला लागलं की सरावाला बसायला तुला कुणी सांगावं लागणार नाही.

आता पट्टीचं बघ, म्हणजे सा कुठल्या सुराला धरायचा ते. तुझ्या चार मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, म्हणजे पेटीवाल्याच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. बुवा मात्र पुष्कळदा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. म्हणजे मोकळ्या तारेवर तुला सा मिळणार नाही. ही अडचण समजू नकोस, यात फायदा आहे. मोकळी तार घुमत राहते, दाबलेली तार बोट सैल केलं की गप्प होते.

काळी चारचा सा सर्वांत जाड तारेवर चौथ्या फ्रेटला आहे. पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला म, दोन फ्रेट वर प. त्याच्या पुढच्या तारेवर, प होता त्याच फ्रेटला, तार सा. एवढीच आकृती. बुवांनी पट्टी काळी पाच केली की सगळा हात दोन फ्रेट वर सरकव, आकृती तीच. काळी एक असेल तर सा जाड तारेपासून मोजून दुसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटला धर, तिथूनही आकृती तीच. पेटीवाल्याला पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलावी लागते. तुला ते ओझं नाही. या वाद्याची ही गंमत मला आजही तितकीच आवडते.

पहिले काही दिवस केहरव्याच्या आठ मात्रांत फक्त पहिल्या मात्रेवर सा दे. चौथ्या मात्रेपर्यंत धर आणि पाचवीच्या आत पूर्ण थांबव. पुढच्या चार मात्रा गप्प बस. ऐकायला सोपं वाटतं, पण सलग एक अख्खा अभंग हे नेमकेपणाने करून बघ. मग पाचव्या मात्रेवर प घाल. दादरा आला तर पहिली आणि चौथी. एक लक्षात ठेव, प सगळीकडे चालत नाही. मालकंसातली चाल असेल तर तिथे प वर्ज्य आहे, त्या जागी म घे. कुठला स्वर चालेल याची शंका आली तर सा वरच थांब. सा वर थांबलेल्या बेसवाल्यावर कुठलेही बुवा रागावत नाहीत. नको तिथे धावणाऱ्यावर मात्र रागावतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

गप्प बसायचं कसं, हे तुला कुठल्याच व्हिडिओने शिकवलेलं दिसत नाही. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सूर बरोबर आहेत, पण मागे सगळ्या तारा गुणगुणत राहतात. उजवा अंगठा तारांखालच्या पिकअपवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पट्टीवर, कायमचा ठेवून देऊ नकोस. दुसरी तार वाजवताना तो पहिल्या तारेवर टेकव, तिसरी वाजवताना पहिल्या दोन्हींवर आडवा पडू दे. डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर अलगद पसरलेली असू देत. पंधरा मिनिटं फक्त सूर थांबवण्याचा सराव कर: दिला, धरला, थांबवला. यात बोटं पळवण्याचं कौशल्य काहीच नाही. तरीही चांगला बेसवाला आणि नुसता वाजवणारा यांतला फरक मला पहिल्यांदा इथेच ऐकू येतो.

लय मोजणारं मेट्रोनोम वापर, पण दर मात्रेला टिकटिक नको. गती निम्मी, मग पाव करत जा, म्हणजे आठ मात्रांत दोनदाच क्लिक पडेल, पहिलीवर आणि पाचवीवर. ते जमलं की आवर्तनात एकदाच. मधली लय तुझी तू सांभाळायची. हा खेळ आहे, आणि हरायलाही मजा येते.

ते एक-दोन-तीन-चार सध्या बंद कर. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटची जागा जवळजवळ दोन इंच रुंद असते. तुझ्या हाताला तिथे चार बोटं चार फ्रेटवर ताणायची काही गरज नाही. डबल बेसचे जुने उस्ताद फ्रान्झ सिमांडल यांची रीत घे: खालच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या फ्रेटवर पहिलं बोट (तर्जनी), दुसरं आणि करंगळी, एवढीच. तिसरं बोट करंगळीला आधार देतं. बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, तिच्या किंचित मागे ठेव, म्हणजे निम्म्या जोरात स्वच्छ सूर येईल. टोकं हुळहुळली तर हरकत नाही, काही दिवसांत ती घट्ट होतील. पण मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखला तर त्याच क्षणी बेस खाली ठेव. ते दुखणं सहन करण्यात कसलीही बहादुरी नाही.

उजव्या हाताबद्दल कुणी नियम सांगायला आलं तर फार मनावर घेऊ नकोस. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात जेम्स जेमर्सन नावाचा माणूस वाजवायचा. उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरायचा, तिला लोक ‘हुक’ म्हणत. त्या काळात रेकॉर्डवर त्याचं नावही नसायचं, आणि आज जगातला प्रत्येक बेसवाला त्याच्या ओळी बसवतो. लॉस एंजेलिसच्या कॅरल के मुळात गिटारवाल्या. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतली आणि मग त्यातच रमल्या. त्या प्लेक्ट्रमने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या नखीने, वाजवत. आपल्याकडे मुंबईची मोहिनी डे ऐक, विशेषतः ती तालाशी खेळते तेव्हा. तिची गती बघून घाबरू नकोस. ती कुठे थांबते ते ऐक.

ऐकायचं ते हेडफोनवर. तुझ्या जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरू शकत नाही, तो फक्त वरचे उपस्वर ऐकवतो. बेस कुठे आहे तेच कळत नाही असं तू लिहिलंस, त्याचं कारण हेच. एक गाणं निवड आणि त्यातली बेसची ओळ आधी गळ्याने म्हण, तुला झेपेल त्या सप्तकात. गळ्यात बसली की बोटं ती शोधून काढतात. महिन्याला एक गाणं पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दहा गाण्यांचे दहा तुकडे नकोत. आणि त्या गाण्यात जिथे अडखळशील, तेवढ्याच चार सुरांचा व्यायाम त्या दिवशी कर. व्यायाम असा गाण्यातून यावा, तेव्हाच तो कशासाठी करायचा हे बोटांना माहीत असतं.

आता पावसाचं. सरावाचा कंटाळा पुष्कळदा मनात नसतो, वाद्यात असतो. आपल्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगतं, दांडा तारांच्या ओढीने थोडा वाकतो, तारा वर उचलल्या जातात. मग दाबायला दुप्पट जोर लागतो आणि वाजवणाराला वाटतं आपलीच बोटं कमकुवत. तपासून बघ: जाड तार पहिल्या फ्रेटला दाब, दुसऱ्या हाताने दांडा जिथे अंगाला मिळतो तिथे दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांतली फट बघ. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. दोन-तीन कार्डं जात असतील तर दांड्यातली सळई आवळावी लागेल. ते तू करू नकोस, मी करीन. एका वेळी पाव फेराच फिरवायचा असतो, जोर केला तर सळई तुटते.

बेस चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पावसात ती भिंत ओल धरते. पण पिशवीत बंद करून माळ्यावरही नको. खोलीच्या आतल्या बाजूला स्टँडवर, येता-जाता हात लागेल अशी राहू दे. पाच मिनिटं वाजवून उठलीस तरी ती पाच मिनिटं जमेला आहेत. वाजवून झालं की सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पूस. खारा वारा आणि हाताचा घाम मिळून तारा लवकर गंजवतात, गंजलेली तार बोटाला खरखरते आणि सूरही बसका होतो. पुढच्या वेळी मुंबईहून तारा मागवशील तेव्हा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, मागव. महाग असतात, पण गुळगुळीत असल्यामुळे मळ कमी धरतात, खूप टिकतात, आणि त्यांचा गोल, मऊ आवाज भजनात जास्त शोभतो. पाच तारांची बेस घ्यावी का, असंही विचारलं होतंस. नको, चार पुरे.

वीज गेली म्हणून बैठक मोडू नकोस. बेसच्या अंगाचं वरचं शिंगासारखं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजव, कपाट घुमतं. आणि विजेबद्दल मात्र जरा कडक सांगतो. बेसच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या अडकवायच्या धातूच्या तुकड्यातून, केबलवाटे अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरांत सॉकेट तीन भोकांचं असतं, पण मागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. वायरमनला बोलावून तपासून घे. टू-पिनचा जुगाड अजिबात नको. तारांना हात लावल्यावर जरा जरी झिणझिण्या आल्या तरी बटण बंद कर आणि घरात सांग. देवळात किंवा मंडपात वाजवतानाही आधी हेच विचार, ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहू नकोस.

नारळी पौर्णिमेला इकडे ये, बेस घेऊन ये, दांडा मी बघतो. माझ्या शेजारचा पोरगा पखवाज चांगला वाजवतो, त्याला बोलावून ठेवीन. तोवर तुझ्या बुवांचा एखादा अभंग काळी चारमध्ये बसव. सा आणि प एवढ्यावर बसव, वर काही सुचलं तर तेही घाल. कुठला बसवलास ते आधी कळव, म्हणजे मी पेटीवर तयारी करून ठेवतो. येताना पट्टा विसरू नकोस, आपण उभं राहून वाजवणार आहोत.

तुझा,
काका