पत्रांच्या जाळ्यात आजोबाच मधोमध कसे?

प्रश्न : आजोबा शिलालेखांचे अभ्यासक होते. त्यांच्या पेटीत १९२५ ते १९५५ मधली सुमारे चारशे पत्रे निघाली. पुणे, धारवाड, कोल्हापूरच्या विद्वानांची. गेफीत (कोणाचा कोणाशी संबंध, याचे बिंदू-रेघांचे जाळे काढणाऱ्या संगणक-प्रणालीत) नावे घातली तर आजोबा मधोमध, बाकीचे भोवती. ते त्या वर्तुळाचे केंद्र होते, असे लेखात लिहू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नका लिहू. पेटी आजोबांची, म्हणून प्रत्येक पत्र त्यांच्याकडेच येणार. धारवाडच्या कुणाची पेटी उघडली असती, तर तो मधोमध बसला असता. गेफीत आजोबांचा बिंदू काढून पाहा, एकही रेघ उरणार नाही.

उपयोगाच्या रेघा मजकुरात आहेत. ‘अमुकांना ठसा (शिलालेखाची कागदावर घेतलेली छाप) पाठवला’, ‘तमुकांना हे वाचन मान्य नाही’ अशा उल्लेखांचा वेगळा तक्ता करा : कोण, कोणाला, तारीख, काय (ठसा, पुस्तक, भेट, वाद), पत्र क्रमांक. पत्रांच्या तक्त्यात तो मिसळू नका. ऐकीव गोष्टीला प्रत्यक्ष पत्राइतके वजन नको. तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवा आणि साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतन-पद्धत निवडा, नाहीतर देवनागरी नावांचा चुरा होतो. ‘कोण’ आणि ‘कोणाला’ या रकान्यांची नावे मात्र सोर्स, टार्गेट अशी इंग्रजीतच हवीत.

सगळ्यात जास्त वेळ नावे खातील. एकच माणूस कुठे ‘रा. रा. अण्णासाहेब’, कुठे नुसती आद्याक्षरे, कुठे कन्नड लिपीत आडनाव. गेफीला ते तिघे वाटतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो, त्यामुळे नुसत्या लेखनावरूनही दोन माणसे वेगळी धरू नका. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि पत्रातले मूळ रूप शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवा. शंका असेल तिथे दोन क्रमांक राहू द्या. नंतर जोडता येतात. एकदा चुकून जोडलेले सोडवणे जिकिरीचे.

इसवी सन काढायला शकाच्या तारखांत ७८ मिळवून मोकळे होऊ नका. शके १८५० चा कार्तिक १९२८ मधला, पण माघ १९२९ मधला. तारीख नसेल तर कार्डावरचा टपालाचा शिक्का भिंगाखाली धरा.

आजोबांनी पाठवलेली पत्रे पेटीत नसणारच. पण ‘आपले ता. ५ चे कार्ड पावले’ या एका ओळीतून एक हरवलेले पत्र, दिशा आणि तारखेसह, हाती लागते. अशा पत्रांची ‘अनुपलब्ध’ म्हणून स्वतंत्र नोंद करा. मग ती शोधायला कोणाच्या घरी जायचे, हेही त्याच तक्त्यातून कळेल.