हळदीचा मोंढा आणि मसाला कंपनी यांच्या मधली नोकरी

प्रश्न : मी वसमत तालुक्यातली, बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावची हळद थेट मसाला कंपन्यांना जावी, असं काम करायचं आहे. वडील म्हणतात, एमपीएससी कर. कंपनीवाल्यांच्या नादी लागलीस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अशी नोकरी असते का? एमबीए करू का?

उत्तर : नोकरी असते. मसाला कंपनीत ती खरेदी विभागात मिळते आणि शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपनीत, सीईओ म्हणून. राज्याच्या ‘स्मार्ट’ या कृषी व्यवसाय प्रकल्पाचा तर उद्देशच शेतकरी गट आणि खरेदीदार यांची जोडी जमवणं हा आहे.

पण वडिलांची भीती खोटी नाही. समजा, जूनमध्ये क्विंटलला १२ हजारांचा करार झाला. मार्चमध्ये बीट, म्हणजे लिलावाचा भाव, १५ हजारांवर गेलं की शेतकरी माल मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, नेतो. तेच ९ हजारांवर आलं की कंपनीला मालात एकाएकी ओल दिसू लागते. दोन्ही वेळा खोटा पडतो तो मधला माणूस. केंद्राचा २०२० चा करार शेतीचा कायदा २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे तुझ्या करारातलं प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. ठरलेला आकडा लिहू नकोस, हिशेबाची रीत लिही : माल देण्याआधीच्या १५ दिवसांचा वसमत बाजाराचा सरासरी भाव, त्यावर प्रतीसाठी अमुक रुपये जादा, आणि खाली एक किमान भाव.

खरं भांडण ओलीवर होतं. वाळलेलं हळकुंड मोडलं की खणखणीत आवाज येतो, हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत असेल. कंपनी आवाजाला पैसे देत नाही. अन्नसुरक्षेच्या मानकात अख्ख्या हळदीला १२ टक्के ओल चालते, पावडरीला १०. म्हणून दळणारी कंपनी बहुधा १० मागते. आता १४ टक्के ओलीचा १०० क्विंटल माल १० टक्क्यांवर आणला, तर साडेपंच्याण्णव क्विंटल उरतो. गेलेले साडेचार क्विंटल कुणाच्या खात्यावर पडले? ज्या करारात याचं उत्तर नाही, तो पहिल्याच गाडीला मोडतो. ओलमापक गटाचा स्वतःचा हवा, आणि माल गाडीत भरण्याआधी शेतकऱ्यासमोर मोजायला हवा. दर दहा पोत्यांमागे एकातून, वरचा-मधला-तळाचा असा नमुना काढून त्याचे तीन सीलबंद भाग कर : एक गटाकडे, एक कंपनीकडे, तिसरा वाद झाला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी. माल परत आला तर गाडीभाडं कुणाचं, तेही लिही. हे लिहायला सगळे लाजतात.

माल नापास होण्याची बाकी कारणं शेतातच घडतात. हळद कमी शिजली तर वाळताना रंग एकसारखा येत नाही; जास्त शिजली तर रंगच उतरतो. उघड्या मातीवर वाळवली तर घाण आणि जंतू चिकटतात, म्हणून ताडपत्री किंवा सिमेंटचं खळं. कीटकनाशकाचा अंश मात्र काढणीनंतर पुरता काढता येत नाही, त्यासाठी फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहिलेली वही प्रत्येक सभासदाकडे हवी. मागणी घेताना हेही मोज : वाळलेली हळद एकरी २० क्विंटल धरली तर १०० टनांना ५० एकर लागतात. त्यातली काही प्रतीत बसणार नाही, काही मोंढ्यात जाईल. ६५ एकर हाताशी नसतील तर १०० टनांना होकार देऊ नकोस.

पैशाचं गणित याहून कडू आहे. मोंढ्यात पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, लवकर हातात पडते, कंपनी ३० ते ४५ दिवस लावते. १४ हजारांच्या भावाने १० टनांची एक गाडी म्हणजे १४ लाख रुपये अडकले. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. त्याने शेतकऱ्याला विकण्याची घाई राहत नाही. पण कंपनीकडून यायचे पैसे त्याने भरून निघत नाहीत, त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायची कर्जाची सोय, लागते.

शिक्षणाचं थोडक्यात. साधं एमबीए नको. हैदराबादची ‘मॅनेज’ किंवा पुण्याची ‘वैमनीकॉम’ इथला कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम बघ. कॅट या प्रवेश परीक्षेची तयारी आतापासून लागते. लगेच सीईओ होण्याचा मोह टाळ. केंद्राच्या १० हजार उत्पादक कंपन्यांच्या योजनेत प्रत्येक कंपनीला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख मिळतात, त्यातच सीईओचा आणि हिशेबनिसाचा पगार. चौथ्या वर्षी पगार धंद्यातून काढावा लागतो. आधी दोन वर्षं मसाला कंपनीच्या खरेदी विभागात काढलीस, तर माल कुठे आणि का नाकारतात ते समोरच्या बाजूने दिसेल.

एमपीएससीचा फॉर्म भरायला हरकत नाही. पण या हंगामात चुलीवरून हळद उतरली की वडिलांसह चार-पाच घरांचा मिळून एका गाडीचा माल वेगळा ठेव, ओल मोजून पोत्यांवर आकडा लिही आणि दोन मसालेवाल्यांकडे नमुना पाठव. भाव विचारण्याआधी पैसे किती दिवसांत देता ते विचार.