मोटर कुठली घ्यायची ते नंतर, आधी शटर अर्ध्यावर सोडून बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्यात मांजलपूरला टेनामेंट (छोटं स्वतंत्र घर) आहे, पुढच्या पोर्चला १० बाय ८ फुटांचं जुनं लोखंडी शटर आहे आणि सासऱ्यांच्या पाठीमुळे ते आता त्यांना उचलवत नाही. दीर अमेरिकेत आहेत, त्यांच्या गॅरेजला आहे तसं बेल्टवालं ओपनर दिवाळीला येताना घेऊन येतो म्हणतात. ते आणावं का? नाहीतर इथली मोटर किती किलोची घ्यावी, मोबाइलवरून चालणारी घ्यावी का, आणि लाईट गेली तर काय?

दिरांना आजच फोन करून नको म्हणून सांगा. त्यांच्याकडचं गॅरेजचं दार चार-पाच आडव्या फळ्यांचं असतं, ते रुळांवरून वर सरकून छताखाली आडवं होतं. ओपनर छताला लटकतं आणि त्याची ट्रॉली दाराला फक्त ओढते. वजन पेलतात दारावरच्या स्प्रिंगा. आपलं शटर पाइपाभोवती गुंडाळलं जातं. त्या ट्रॉलीला आपल्याकडे ओढायला काही नाहीच. शिवाय तिकडचं मशीन १२० व्होल्टवर चालतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वेगळा. एवढं करून ते माळ्यावरच पडणार.

तिकडून आणण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे त्यांचा नियम. घरगुती ओपनर खाली येताना कशाला अडलं तर आपोआप उलटं वर जायलाच हवं, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना फोटोसेल (मध्ये काही आलं की प्रकाशाचा किरण अडून दार थांबवणारा डोळा) किंवा तसाच दुसरा बंदोबस्त हवा, हे १९९३ पासून तिथे बंधनकारक आहे. फोटोसेल जमिनीपासून ६ इंचांच्या वर लावायचा नाही, कारण जमिनीवर पडलेलं मूल त्याला दिसलं पाहिजे. तपासणीही सोपी आहे: दीड इंच जाडीची लाकडी फळी उंबऱ्यावर आडवी ठेवायची, दार तिला टेकून परत वर गेलं पाहिजे. आपल्याकडच्या शटरच्या साध्या मोटरला यातलं काही कळत नाही. खाली सायकल असो की मांजर, ती आपली शटर सोडत राहते. म्हणून फोटोसेल वेगळा मागून घ्या आणि बिलात लिहून घ्या. मिस्त्री म्हणेल, ‘एनी जरूर नथी’ (त्याची गरज नाही). जरूर छे.

आता तुमच्या शटरकडे. १८ गेजचा पत्रा असेल तर १० बाय ८ च्या शटरचं वजन खालच्या पट्टीसकट साधारण ९०-१०० किलो भरतं. तरी इतकी वर्षं सासरे ते एका हाताने उचलत होते, ते कसं? वर पाइपावर जे गोल डबे दिसतात त्यांतल्या स्प्रिंगांच्या जोरावर. शटर खाली येताना त्या आवळल्या जातात आणि वर नेताना वजन खेचून घेतात. पाठ दुखायला लागली हे खरं असेल, पण निम्म्या घरांत पाठीआधी स्प्रिंगा थकलेल्या असतात.

म्हणून मोटर बघायला जाण्याआधी हे करा. घरातल्या धडधाकट माणसाला शटर कमरेपर्यंत उचलायला सांगा, पाय लांब ठेवून हात हळूहळू सोडायला सांगा. शटर तिथेच थांबलं किंवा चार बोटं सरकलं तर स्प्रिंगा ठीक. धाडकन खाली आलं तर त्या गेल्या. दोन्ही बाजूंच्या गाईडमधून (शटर ज्या खाचांतून सरकतं त्या) जुनं ग्रीस आणि धूळ यांची काळी पेस्ट निघेल, ती आधी रॉकेलने पुसून काढा आणि परत तपासा. कधीकधी तेवढ्यानेच निम्मं ओझं जातं. स्प्रिंगेला मात्र घरच्या कोणी पाना लावू नका. आवळलेली स्प्रिंग सुटली की मनगट मोडते.

स्प्रिंगा ठीक असतील तर तुमच्यासाठी सेंट्रल मोटर. ती पाइपाच्या मधोमध बसते, दोन अर्ध्या भागांत येते आणि पाइपाभोवती बोल्टने आवळतात, त्यामुळे जुनं शटर उतरवावं लागत नाही. ती एकटीने वजन उचलत नाही, स्प्रिंगांना साथ देते. कॅटलॉगमध्ये ‘१८० किलोपर्यंत’ वगैरे लिहिलेलं असतं ते स्प्रिंगा धडधाकट आहेत असं धरून. हे न सांगता मोटर विकणारे भरपूर. सहा महिन्यांनी मोटर गरम होऊन मध्येच थांबते, मग ‘कंपनी खराब छे’.

दुसरी साइड मोटर. ती एका टोकाला भिंतीला लागते आणि चेनने पाइप फिरवते. इथे स्प्रिंगा काढून टाकतात, सगळं वजन मोटरवर. ३०० किलोपासून पुढे मिळतात, तुमच्या शटरला सगळ्यात छोटीसुद्धा पुरून उरेल. पण पाइप बदलावा लागतो, बाजूला जागा लागते, आणि चेन तुटली तर शटर थेट खाली येतं, म्हणून सेफ्टी ब्रेक वेगळा घ्यावाच लागतो. दुकानाला, गोदामाला ती ठीक. म्हाताऱ्या माणसांच्या घराला मी ती सुचवत नाही, आणि त्याचं कारण लाईट.

मी बडोद्यातच कारेलीबागेत राहतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी काळा घोडा पुलाजवळ ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या गल्लीत पाणी संध्याकाळी आलं आणि लाईट त्याच्या आधीच बंद केली होती. सेंट्रल मोटरच्या ब्रेकपासून एक वायर खाली बाजूच्या छोट्या कुलूपबंद पेटीत येते, ती खेचली की ब्रेक सुटतो. खेचली, शटर एका हाताने वर केलं, गाडी काढली आणि पुलावर नेऊन लावली. तिथे आधीच अर्धं कारेलीबाग गाड्या लावून उभं होतं. समोरच्या काकांकडे साइड मोटर. तिला हाताने ओढायची चेन असते, पण बसवणाऱ्याने ‘खराब देखाय छे’ म्हणून ती काढून माळ्यावर टाकली होती. मेणबत्ती घेऊन ती चेन शोधेपर्यंत पाणी गुडघ्यावर. गाडी आत राहिली, स्टिअरिंगपर्यंत बुडली.

आता इथे लक्षात घ्या: ब्रेक सोडल्यावर शटर हाताने उचलता येतं ते स्प्रिंगांमुळेच. स्प्रिंगा थकलेल्या असतील तर वायर ओढूनही तुमच्यासमोर शंभर किलोच आहेत. म्हणून वर स्प्रिंगांवर एवढी पानं खर्च केली. आणि ती वायरची पेटी बाहेरच्या बाजूलाही हवी. टेनामेंटला शटर हाच एकमेव रस्ता असेल आणि सगळे बाहेर असताना लाईट गेली, तर आतली वायर काय कामाची?

इन्व्हर्टरवर चालेल का, असंही लोक विचारतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या लाईटीसारखी वीज देणारा) असेल तर छोटी मोटर चालते, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर नुसती गुरगुरते आणि तापते. पण पुरात इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली जमिनीवरच असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बॅटरी असल्याशिवाय गॅरेजचं ओपनर विकताच येत नाही. आपल्याकडे तो विचार आपणच करायचा.

गाडी वाचली तरी माझा कंट्रोल बॉक्स गेला. तो हाताला सोयीचा म्हणून अडीच फुटांवर लावला होता. उघडला तेव्हा बोर्डावर विश्वामित्रीचा गाळ बोटभर बसला होता. आता सहा फुटांवर आहे, आणि वायर आत जाते ते भोक सीलबंद, कारण त्याआधीचा बोर्ड एका पालीने खाल्ला होता (म्हणजे पालच भाजली, बोर्ड तिच्याबरोबर सती गेला). मोटरला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसायच्या आत लाईट तोडणारा स्विच), यात काटकसर नको. शटर लोखंडाचं आहे आणि सासूबाई त्यालाच टेकून भाजीवाल्याशी बोलतात.

कुलपाबद्दल. माझी पहिली मोटर २०१७ ची. बसवून पंधरा दिवस झाले असतील. आईने रात्री सवयीने शटरच्या दोन्ही कड्यांना कुलपं लावली. सकाळी मी आतून रिमोट दाबला. मोटरने ओढायला सुरुवात केली, खालची पट्टी जागची हलेना, आणि वरच्या तीन पट्ट्या माझ्या डोळ्यांदेखत कागदासारख्या दुमडत गेल्या. आवाज असा की शेजारची दोन माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली. मी बटण सोडून ‘थांब, थांब’ म्हणत होतो, पण बटण सोडल्याने ती थांबणारी नव्हती. मोटर बसली की जुन्या कड्या कापून टाका. सेंट्रल मोटरचा ब्रेकच शटर धरून ठेवतो. वरून कुलूप हवंच असेल तर असं घ्या की ते लागलेलं असताना मोटरला करंटच जाणार नाही. आणि भिंतीवरचं बटण दाबून धरलं तरच चालणारं, सोडलं की थांबणारं घ्या. रिमोटने शटर फक्त डोळ्यांसमोर असताना बंद करायचं, हे घरात सगळ्यांना दहादा सांगा.

लिमिट, म्हणजे मोटरने वर-खाली कुठे थांबायचं ती जागा, बसवताना उभ्या उभ्या पाहा. शटर जमिनीला टेकल्यावर मोटर अर्धा फेरा जरी जास्त फिरली तरी वरच्या पट्ट्या डब्यात ढिल्या होऊन फुगतात, पुढच्या वेळी घासतात. टेकताक्षणी थांबलं पाहिजे. शेवटचा अर्धा इंच जमवायला मिस्त्रीला कंटाळा येतो. चहा पाजा, पण जमवून घ्या.

रिमोटचं एवढंच: ‘रोलिंग कोड’ (दर वेळी बदलणारा कोड) आहे का ते विचारा. स्वस्तातले दर वेळी तोच कोड पाठवतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन सुरक्षा-संशोधकाने लहान मुलांच्या खेळण्यात फेरफार करून असली स्थिर कोडची दारं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली. त्याच वर्षी त्याने रोलिंग कोडलाही चकवण्याची युक्ती दाखवली, पण त्याला जास्त उपद्व्याप लागतो आणि आपल्या शटरमागे कुणाचा खजिना नाही. मोबाइलवरून चालणारी आत्ता नको. पुढे वाटलं तर छोटं वायफाय रिले (मोबाइलवरून चालणारा स्विच) जोडता येतं, आणि सासऱ्यांना तसंही बटणच आवडणार.

स्प्रिंगा गेल्या असतील तर आधी त्या बदलून घ्या, मग मोटर. हे काम करणारे फॅब्रिकेटर मकरपुरा जीआयडीसीकडे (औद्योगिक वसाहतीत) मिळतील, आणि ज्याने मोटर दिली त्याच्याकडूनच बसवून घ्या, नाहीतर बिघडल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कोटेशन मागताना मोटर, फोटोसेल, बाहेरची ब्रेक सोडायच्या वायरची पेटी आणि दोन रिमोट हे वेगवेगळं लिहून मागा. एकत्र आकडा दिला की त्यातून काहीतरी गळलेलं असतंच.

चार मापं कळवा: शटरची रुंदी-उंची, वरच्या डब्यापासून छतापर्यंत किती इंच, पाइपाची जाडी, आणि २०२४ च्या पाण्याची रेघ तुमच्या पोर्चच्या भिंतीवर किती उंच आहे. शेवटचं माप सासूबाईंना विचारा, त्यांनी नक्की बघून ठेवलं असेल.