शोधनिबंधावर नाव कुणाचं?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत कपाशीवरच्या फवारणीचं सर्वेक्षण केलं. प्रश्नावली आणि विश्लेषण माझं; घरोघरी फिरून माहिती आणली एम.ए.च्या विद्यार्थिनीनं. प्राचार्य म्हणतात, तिचं नाव नको, त्यांचं मात्र पाहिजेच.
– सहायक प्राध्यापक, तालुक्याचं महाविद्यालय

उत्तर : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखकासाठी चार अटी ठरवल्या आहेत. इतर विषयांतली अनेक नियतकालिकंही त्याच धरून चालतात. आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याच्या दुरुस्त्या करणं. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि उद्या शंका निघाली तर उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. परवानगी दिली, कॉलेजची गाडी दिली, एवढ्यानं कुणी लेखक होत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात, तीही लेखी संमती घेऊन.

विद्यार्थिनीची पहिली अट पुरी झाली आहे. उरलेल्या तिन्हींची संधी तिला देणं तुमच्याकडे लागतं. मसुदा वाचायला द्या. औषधाच्या मात्रेचा प्रश्न कोणत्या गावात लोकांनी टाळला, हे तिलाच ठाऊक असणार. ते निबंधात आलं पाहिजे. मसुदा दाखवायचाच नाही आणि वर ‘तिनं लिहिलं काय?’ म्हणायचं, ही पळवाट झाली.

प्राचार्यांशी तोंडी वाद नको. कुणी काय केलं याचा तपशील बरीच नियतकालिकं फॉर्मवर मागतात. तो फॉर्म पुढे ठेवा, आपला रकाना त्यांनाच भरू द्या. नावांचा क्रम निबंध पाठवण्याआधी ईमेलवर सगळ्यांकडून कबूल करून घ्या. नंतर नाव घालायचं-काढायचं म्हटलं की कारण आणि सगळ्यांची लेखी संमती मागतात, निबंध तिथेच अडकतो.

प्रश्न : निबंधाचा मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरनं पाहतात, त्या साम्य-तपासणीत 14 टक्के आले. चोरी ठरेल का?

उत्तर : आधी अहवाल उघडून पाहा. संदर्भसूची आणि अवतरणं वगळायची राहिली असतील तर आकडा फुगतो. यूजीसीच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10च्या वर 40पर्यंत चोरी सिद्ध झाली तर निबंध मागे घ्यावा लागतो. म्हणून 10 टक्के उचलायची मुभा आहे असं मात्र नव्हे. दुसऱ्याच्या मराठी प्रबंधातलं प्रकरण इंग्रजीत उतरवलं तर सॉफ्टवेअरला बहुधा दिसत नाही, तरी ती चोरीच. स्वतःच्या प्रबंधातला भाग असेल तर तसं निबंधात लिहा आणि संपादकांनाही कळवा.

प्रश्न : एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवला तर?

उत्तर : चालत नाही. पहिल्या नियतकालिकाकडून उत्तर येत नसेल तर निबंध मागे घेत असल्याचा ईमेल करा, त्यांचा लेखी होकार आला की मगच दुसरीकडे पाठवा. आणि ‘पैसे भरा, तीन दिवसांत छापतो, केअर यादीत आहोत’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीनं 2025मध्ये बंद केली आहे.