शेरूला शेतावर पाठवू नका, त्याची दुपार लावून द्या

दादा, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. कुत्र्याला, म्हणजे शेरूला, नारायणगावला शेतावर पाठवू नका आणि नोकरीही सोडू नका, दोन्ही जमतं. फक्त जॉइन व्हायच्या आधीचे तीन-चार आठवडे त्याच्यासाठी द्यावे लागतील.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दादांनी व्हीआरएस घेतली तेव्हापासून ते घरीच, शेरू ९ वर्षांचा लॅब (लॅब्रॅडॉर), दिवसभर त्यांच्या पायाशी. आता ५९ व्या वर्षी चाकणच्या कंपनीने कन्सल्टंट म्हणून बोलावलंय, आठवड्यातून ४ दिवस, कोथरूडहून सकाळी साडेसातला निघायचं ते रात्री सातला परत. वहिनी निम्मा वेळ मुंबईला लेकीकडे असतात, नातू लहान आहे, आणि इथे असल्या तरी गुडघ्यांमुळे तीसेक किलोचा कुत्रा खाली नेणं त्यांना झेपत नाही. चुलतभाऊ म्हणतो नारायणगावच्या शेतावर द्या, मोकळा राहील.

तर शेताचं पहिलं. भाऊ प्रेमानेच म्हणत असणार, पण नारायणगाव धरून जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा पट्टा बिबट्यांचा आहे, ते उसातच राहतात, तिथेच पिल्लं घालतात आणि रात्री वस्तीवर येतात ते बऱ्याचदा कुत्र्यासाठीच. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता त्यात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. गावातल्या कुत्र्याला कुठे दबकून बसायचं ते कळतं, फ्लॅटमध्ये पंख्याखाली म्हातारा झालेला लॅब अंगणात बांधला तर त्याला काय कळणार. आणि बिबट्याचं सोडलं तरी ९ व्या वर्षी माणसं, घर, वास सगळं एकदम बदललं की कधीकधी हे कुत्रे खाणं सोडतात हो. लॅब साधारण १०-१२ वर्षं जगतो, तुमचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं. म्हणजे राहिलेलं बहुतेक आयुष्य तो तुमच्याशिवाय काढणार, हे डोळ्यासमोर ठेवून काय ते ठरवा.

आता माझा अनुभव. मी बँकेतून रिटायर झाले आणि साठीनंतर एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम धरलं, तेव्हा आमचा बंड्या (गावठीच, रस्त्यावरून आणलेला) ८ वर्षांचा होता. मी जुना मोबाईल टीव्हीच्या टेबलावर रेकॉर्डिंगला लावून जायचे. पहिले काही दिवस मी गेले की तो दारापर्यंत जायचा, माझ्या घरातल्या चपला हुंगायचा, परत यायचा, परत जायचा, असं बराच वेळ, आणि मग दिवाणाखाली जाऊन जो आडवा व्हायचा तो दुपारपर्यंत, मध्ये फक्त कूस बदलायची नाहीतर पाणी प्यायचं. चारच्या पुढे उठून दाराकडे तोंड करून बसायचा. ते बघून मला जे कळलं ते सांगते, मोठा कुत्रा दिवसातले निम्म्याहून जास्त तास झोपतो, म्हातारा तर अजून जास्त, त्याची खरी जाग पहाटे आणि संध्याकाळी असते. तुम्ही दुपारी घरी नाही याचा त्याला तुम्हाला वाटतो तितका त्रास नसतो. त्रास होतो तो लघवी तुंबण्याचा आणि आज कोण कधी येणार हे न कळण्याचा.

त्यामुळे दुपारचा माणूस, हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी साडेसात ते रात्री सात म्हणजे साडेअकरा तास, ९ वर्षांच्या कुत्र्याने इतका वेळ शू धरणं बरोबर नाही, ५-६ तासांनी बाहेर न्यायलाच हवं. डॉग वॉकर कोथरूडमध्ये मिळतात, पण मी तर म्हणेन आधी ओळखीतलं बघा, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई दुपारी येऊ शकतात का, सोसायटीत कॉलेजचं एखादं कुत्रावेडं पोर आहे का, पैसे नीट द्या, फुकटची मदत महिनाभर टिकते. शेरू त्यांना ओळखत असला तरी आधी आठवडाभर तुम्ही सोबत जा, मग मागे मागे चाला, मग घरीच थांबा. पट्टा गळ्यात न लावता छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढ बरीच कमी होते, वहिनींनाही कधी वेळ आली तर बरं. लिफ्टवरून कोणी कटकट केली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा, पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करू नये असं त्यात स्पष्ट आहे.

त्याच्याही आधी व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) जाऊन या. रक्त, किडनी, शुगर, लघवी, कंबरेचे सांधे सगळं बघून घ्या. पुढे घरात शू झाली तर लोक लगेच म्हणतात रुसलाय, बदला घेतोय, आणि निघते शुगर नाहीतर किडनी. सांधे दुखत असतील तर औषध व्हेटच देतील, वहिनींच्या गुडघ्याच्या गोळ्या चुकूनही देऊ नका, माणसांच्या पेनकिलरने कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सतरंज्या टाका, एकटा असताना घसरला तर उठवणारं कोणी नसेल.

मग सवय. आजपासूनच दिवसातून बऱ्याचदा किल्ल्या उचला, बूट घाला आणि परत पेपर वाचत बसा, म्हणजे किल्ल्या वाजल्या की पोटात गोळा येणं थांबतं. मग पाच मिनिटं बाहेर, पंधरा मिनिटं, अर्धा तास, दोन तास, तो शांत राहिला तरच पुढची पायरी. जाताना गळ्यात पडून निरोप नको. निघताना काहीतरी खास आवडीचं ठेवा आणि रेकॉर्डिंगमध्ये बघा, खाल्लं तर ठीक चाललंय, तसंच पडून राहिलं, लाळ गळतेय, दार ओरबाडतोय असं दिसलं तर घाई करू नका आणि व्हेटशी बोला, त्यावर औषधं आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

सकाळचं फिरणं लवकर उरका पण घाईचं नको, हुंगू दे त्याला मनसोक्त, हुंगण्यातही कुत्र्याला बरंच समाधान मिळतं. परत आला की थोडं थांबून मग खाणं, आणि त्यातलंच मूठभर ड्राय फूड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं की निघताना पंधरा-वीस मिनिटं त्यातच जातात.

अजून एक, कंपनीशी बोला. तुम्हाला अनुभवासाठी बोलावतायत, तेव्हा सलग ४ दिवस न घेता मध्ये एक दिवस घरून, किंवा लवकर जाऊन चारला निघणं, हे मागून तर बघा. नाशिक फाटा ते चाकण ट्रॅफिकचं सगळ्यांना माहितीये, कोणी नवल करणार नाही.

आणि आपल्या वयात हेही करून ठेवावं, शेजारी एक किल्ली आणि फ्रिजवर एक कागद, शेरूचं खाणं, औषधं, व्हेटचा नंबर, रेबीज आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसीच्या तारखा. कधी चाकणला अडकलात किंवा तुम्हालाच ॲडमिट व्हावं लागलं तर वहिनींना मुंबईहून फोनाफोनी करायला नको. बोर्डिंग, म्हणजे कुत्रा काही दिवस सांभाळायची जागा, लागणार असेल तर आधी एक रात्र ठेवून बघा, जिथे लसीचं कार्ड विचारत नाहीत तिथे ठेवू नका.

जॉइनिंगची तारीख काय आहे तेवढं सांगा, आणि पहिल्या अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो काय करतो ते इथे लिहा, त्यावरून पुढच्या आठवड्याचं ठरवू.