60 तासांचं फुटेज आणि एडिट करणारे दोघं: कामाची मांडणी कशी लावायची?

तुमचा प्रश्न असा: आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या उत्सवावर दोन श्रावण शूटिंग केलंय, 60 तासांचं फुटेज जमलंय, एडिटिंग तुम्ही धुळ्यात आणि मित्र पुण्यात बसून करणार, तर सुरुवात कुठून करायची. मी अमळनेरचा. पोटासाठी सुरतेला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांवर एक फिल्म केली. तिच्या एडिटिंगला शूटिंगच्या दुप्पट वेळ लागला, आणि त्यातला निम्मा माझ्या गबाळेपणापायी.

आधी डिस्क. सेकंदाला 100 मेगाबिटने शूट केलं असेल तर तासाला 45 जीबी, म्हणजे तुमचं सगळं मिळून 2.7 टीबी. 4 टीबीच्या तीन डिस्क घ्या: एक तुमच्याकडे, एक मित्राकडे, तिसरी कपाटात, तिला हात लावायचा नाही. कार्डातलं फोल्डर जसंच्या तसं उतरवा. आतल्या फायलींची नावं बदलू नका, नाव द्यायचं ते बाहेरच्या फोल्डरला, तारीख पुढे ठेवून. एका मे महिन्याच्या दुपारी कॉपी चालू असतानाच आमच्याकडे लाइट गेली. आल्यावर फायलींची संख्या मोजली, जुळली, कार्ड फॉरमॅट केलं. शेवटची क्लिप अर्धीच उतरली होती. स्टँडवर पोराला निरोप देणारी आई माझ्याकडे आजही अर्ध्या वाक्यात थांबलेली आहे. आता चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला आकडा, कॉपी तंतोतंत असेल तरच जुळतो) जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय मी एकही कार्ड उतरवत नाही.

मोबाइलवर काढलेलं जे काही असेल ते आधीच सेकंदाला 25 फ्रेमला बदलून घ्या. मोबाइलचा फ्रेमरेट मध्येच कमीजास्त होतो आणि जागराच्या लांब टेकमध्ये गाणं आणि ओठ यांची फारकत होते. मग सगळ्याच्या प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या कामापुरत्या प्रती, बनवा. त्या हलक्या असतात, साध्या लॅपटॉपवर पळतात, मित्राला नेटवरूनही पाठवता येतात. दाविंची रिझॉल्व्ह वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा: तुमचा प्रोजेक्ट फुटेजच्या डिस्कवर नसतो, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. रोज काम संपवून उठताना तो एक्सपोर्ट करून, तारीख घालून बाजूला ठेवायचा. एक टाइमलाइन (शॉट ओळीने लावायची पट्टी) एका वेळी एकानेच उघडायची, हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

पण खरं काम टाइमलाइन उघडायच्या आधीचं आहे, आणि तेच सगळे टाळतात. बोलणं उतरवून काढणं. मीही टाळलं, मशीनकडून मराठीत उतरवून घेतलं. एक बाबा अहिराणीत म्हणाले होते, ‘मन्हा आंडोर सुरतमा शे.’ मशीनने लिहिलं: ‘मना अंधार सुरत मासे.’ पोटभर हसलो. नंतर कळलं की ‘मुलगा’ शोधला की एकही क्लिप सापडत नाही, कारण साऱ्या गावाने आंडोरच म्हटलंय. शेवटी वही घेऊन बसलो. डावीकडे क्लिपचा नंबर आणि वेळ, मध्ये अहिराणी जशी ऐकू येईल तशी, उजवीकडे एका ओळीत माझं मत: ‘डोळे भरले’, ‘मागे ट्रॅक्टर’, ‘हेच दुसऱ्यांदा, पण बरं’. तासाच्या मुलाखतीला चार-पाच तास जातात. जाऊ द्या. अहिराणी तुम्हाला येत असेल आणि मित्राला नसेल, तर हे काम तुमचंच. त्याला तोवर नुसती दृश्यं निवडायला द्या: स्थापना, रोट, जागर, विसर्जन, दोन्ही वर्षांचं वेगवेगळं.

त्या वहीतून कागदावरच पहिली जुळणी करा. तुमच्याकडे रविवारची स्थापना आणि सोमवारचं विसर्जन असा क्रम आयताच आहे, म्हणून पहिली जुळणी त्याच क्रमाने लावा, तीन तासांची झाली तरी चालेल. मोडतोड नंतर.

सबटायटल मात्र शेवटचा कट पक्का झाल्यावरच. आधी केलीत तर एक शॉट काढला की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात. आणि ती तपासायला मित्राच्या आधी आईला बसवा.