कोकणात घर बांधायचं तर चिरा, ब्लॉक की आरसीसी?

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यात गावी आजोबांचं कौलारू घर मोडकळीला आलंय. ते उतरवून तळमजला आणि जमल्यास वर एक मजला बांधायचाय. मिस्त्री म्हणतो आरसीसी करा, काका म्हणतात चिराच बरा, पुण्याचा मित्र सांगतो ब्लॉक वापर. कोणाचं ऐकावं?

मी याच पट्ट्यात साइटवर काम करतो, त्यामुळे हे तिघंही माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. आधी एक गुंता सोडवू. आरसीसी म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, घराचा सांगाडा. चिरा (खाणीतून कापलेला जांभा दगड) आणि ब्लॉक (हलक्या काँक्रीटची मोठी वीट) म्हणजे भिंतीचं साहित्य. त्यामुळे तुमचा पहिला निर्णय एवढाच: छपराचं आणि वरच्या मजल्याचं वजन जमिनीपर्यंत कोण नेणार, भिंती की कॉलम?

भिंती नेणार असतील तर ते लोड बेअरिंग घर. त्यात भिंत जाड लागते, वरची भिंत खालच्या भिंतीवरच यावी लागते आणि उद्या सूनबाई म्हणाल्या की हॉल मोठा करा, तर मधली भिंत काढता येत नाही. कॉलम-बीम नेणार असतील तर भिंत नुसता आडोसा असते, हवी तिथे हलवा. नुसता तळमजला आणि वर कौलं असतील तर माझं मत काकांच्या बाजूने आहे. वर स्लॅबचा मजला नक्की चढवायचा असेल, किंवा जागा भरावाची, उताराची, मऊ मातीची असेल, तर मिस्त्री बरोबर सांगतोय. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळावर, जागा असेल तर पायाची निम्मी काळजी मिटलीच.

चिऱ्याच्या ताकदीबद्दल लोक उगाच घाबरतात. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्याची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन हवी. काँक्रीटच्या २५-३० पुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण कौलारू तळमजल्याच्या नऊ इंची भिंतीवर येणारा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. खरी भानगड चिरा कुठल्या थरातला मिळतो ही आहे. खाणीत वरचा थर कडक आणि लोहयुक्त असतो, खाली जावं तसा दगड मऊ होत जातो आणि त्याच्या भोकांत पिवळट-पांढरी माती दिसायला लागते. मशीनने कापलेला असला की दोन्ही चिरे दिसायला सारखेच चौकोनी, आणि ट्रकमध्ये चांगल्याच्या खाली कच्चा माल सहज दडतो.

म्हणून खाणीवर स्वतः जा. दोन चिरे एकमेकांवर आपटून बघा. पक्का चिरा खणखणीत वाजतो, कच्चा भद्द आवाज करतो आणि कोपरा टाकतो. दुसरी परीक्षा घरच्या वजनकाट्यावर होते. कोरडा चिरा तोलायचा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवायचा, बाहेर काढून पुसून पुन्हा तोलायचा. मानकात १२ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. म्हणजे ३० किलोचा चिरा ३४ किलो भरला तर तो माल परत पाठवा. ताजा कापलेला चिरा लगेच भिंतीत घालू नका. थोडे दिवस उघड्यावर ठेवला की हवा लागून तो कडक होतो. बांधताना मात्र त्याच्यावर पाणी मारून धूळ उडवून घ्यायचीच, नाहीतर कोरडा दगड मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा नुसता भुसभुशीत राहतो.

हल्ली गिलावा न करता चिरा उघडा ठेवायची टूम निघालीय, होमस्टेवाल्यांना फार आवडते. फोटोत सुंदर दिसतं, मान्य. पण जुन्या गोव्याचं बॉम जेझूचं चर्च बघा. १६०५ मध्ये पूर्ण झालेली जांभ्याची इमारत, तिचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, आणि आज पावसाने तो दगड झिजतोय म्हणून जाणकार चिंतेत आहेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही नैऋत्येकडून आडवा. त्या बाजूच्या भिंतीला गिलावा करा, नाहीतर तिथे पडवी काढा. आपले जुने लोक पडवीला झापं (झावळ्यांचे विणलेले आडोसे) बांधायचे ते हौस म्हणून नव्हे.

आता आरसीसीकडे. इथे काँक्रीटची शत्रू खारी हवा. ती आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबखालचे पापुद्रे सुटायला लागतात. समुद्राजवळ, उघड्यावर असलेल्या कामाला एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, असा नियम आहे. प्रत्यक्षात गवंडी सळईखाली खडीचा एखादा तुकडा सरकवतो आणि म्हणतो, झालं कव्हर! सिमेंटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून ठेवा आणि स्लॅब भरायच्या दिवशी स्वतः वाकून बघा. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्याबरोबर मीठ फुकट येतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) चालेल.

आणि तो सपाट स्लॅब! आमच्याकडे आधी स्लॅब टाकतात, तिसऱ्या पावसाळ्यात तो गळतो, मग त्याच्यावर लोखंडी पत्र्याची शेड मारतात. म्हणजे एका घराला दोन छपरं आणि दोन्हींचा खर्च. वर मजला होणार नसेल तर सरळ मंगलोरी कौलं घाला. सागाचे वासे परवडत नसतील तर लोखंडी पाइपचा सांगाडा करा, फक्त वेल्डिंगच्या सांध्यांवर प्राइमर नीट बसलाय ना ते पाहा.

छप्पर बांधून ठेवायला विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कौलं आणि पत्रे उडाले तेव्हा कळलं की बऱ्याच घरांचं छप्पर भिंतीवर नुसतं ठेवलेलं होतं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घ्या, त्यात बोल्ट पुरा आणि वासे ज्यावर टेकतात ती पाट त्या बोल्टांना आवळा. वळचण दीड-दोन फूट पुरे. पावसाला ती जितकी लांब तितकी बरी, पण वाऱ्याला तेवढीच पकड मिळते.

हाच पट्टा भूकंपातही उपयोगी पडतो. किल्लारीला १९९३ मध्ये मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) वजन लोकांच्या अंगावर आलं. दगड होता म्हणून नव्हे, भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या म्हणून. भूकंपाचं कोयनाही काही लांब नाही. लोड बेअरिंग घर करणार असाल तर जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन पट्टे सलग फिरवा, कोपऱ्यांत उभी सळई द्या. मिस्त्री म्हणेल, एवढ्याशा घराला कशाला? द्यायला लावा.

राहिला ब्लॉक. मित्राचा मुद्दा चूक नाही. एएसी ब्लॉकचं (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ब्लॉकचं) वजन घनमीटरला साधारण ६०० किलो, चिऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे वरच्या मजल्यावर बीमवरचा भार कमी होतो. कॉलम-बीमची फ्रेम घेतलीत तर आतल्या भिंती ब्लॉकच्या करा. बाहेरच्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला मी तो सुचवणार नाही. पाणी पितो, आणि गिलाव्याला बारीक तडा गेला की ओल आतल्या रंगावर उमटते.

जुनं घर उतरवताना चिरे फोडू देऊ नका. इतकी वर्षं हवा खाल्लेला चिरा नव्यापेक्षा कडक निघतो, जोत्याला आणि गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) वापरता येतो. वासे-तुळया सागाच्या किंवा फणसाच्या असतील तर वाळवी न लागलेल्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेवा. आणि नकाशा काढायला देण्याआधी जागेच्या चारही कोपऱ्यांत खड्डे मारून खाली सडा लागतोय की माती ते बघून घ्या. ते इथे खाली कळवलंत तर पायाबद्दल नेमकं सांगता येईल.